वावरातून हरिकेन उडवायचं, तर तयारी पोळ्यापासून

रेडिओ-रिमोटवर उडणारं युद्धविमानाचं छोटं मॉडेल बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोटर आणि रिमोटच्या किमती बघायला लागतात. आपल्याकडे, वर्धा-यवतमाळ-अमरावतीच्या खेड्यापाड्यांत, यादीत पहिली गोष्ट जमीन हवी. विमान कुठून सुटणार आणि कुठे टेकणार हे कळल्याशिवाय कोणतं विमान बांधायचं हेही ठरत नाही. म्हणून पोळा झाला की गावाभोवती एक चक्कर मारावी आणि येत्या हिवाळ्यात कोणाचं वावर मोकळं राहणार याची चौकशी करावी. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास निघतं. त्यावर ज्याला हरभरा पेरायचा नाही, त्याचं रान आपल्या कामाचं. कपाशीचं वावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत गुंतलेलं असतं, आणि पऱ्हाट्या उपटल्यावर मागे राहणारे खुंट पंखाच्या पोटात सरळ घुसतात, तेव्हा त्याचा विचार नको. ई-क्लासची (सरकारी गायरान) जमीन सपाट दिसते, पण सकाळी तिथे ढोरं असतात. गुराख्याची वेळ विचारून घ्यावी.

वावराच्या मालकाशी बोलताना नुसतं 'विमान उडवतो' म्हणू नये. किती वेळ, किती आवाज, बैलजोडी जवळ बांधलेली असेल तर काय, हे सगळं आधी सांगावं. पोलीस पाटलांच्याही कानावर घालून ठेवावं. काळ्या मातीच्या भेगा दिवाळीनंतर रुंदावत जातात. दहा-बारा फूट रुंद आणि साठ-सत्तर पावलं लांब पट्टा वखरून घेतला, वरून फळी फिरवली आणि पाणी शिंपडून दाबला, तर हिवाळाभर पुरतो. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना विजेच्या तारा किंवा उंच झाडं नकोत, आणि उडवताना सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी दिशा हवी.

त्याच आठवड्यात नियमांचंही बघून घ्यावं. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी, प्रयोगासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल स्वतंत्र धरलं आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या यंत्राला मिळणारं सरकारी मान्यतापत्र) लागत नाही. पण आकाश मोकळं आहे की नाही हे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघावंच लागतं. त्यातल्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. विदर्भात याकडे जास्तच लक्ष हवं. नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, पुलगावला दारूगोळ्याचं भांडार आहे, भद्रावती आणि भंडाऱ्याला आयुध निर्माणी आहेत. यांच्या आसपास मॉडेल उडवण्याचा विचारसुद्धा मनात आणू नये. ताडोबा-मेळघाटच्या जंगलकाठच्या गावांनीही आधी वनखात्याला विचारावं.

आता विमान. माझं मत स्पष्ट आहे: वावरातून उडवायचं पहिलं युद्धविमान हॉकर हरिकेन असावं, स्पिटफायर नव्हे. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं. स्पिटफायर देखणं आहे यात वाद नाही. पण त्याची चाकं धडाजवळून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला दुमडतात, त्यामुळे जमिनीवर दोन चाकांमधलं अंतर कमी राहतं आणि खडबडीत जागी ते डुलतं, नाकावर जातं. हरिकेनची चाकं पंखांत दूर बसवलेली आहेत आणि आत दुमडतात, म्हणून त्याचा पाय रुंद. पंखही जाड, त्यामुळे हळू उडताना ते जास्त सावरून घेतं. शिवाय हे विमान आपलं आहे. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, पुढे १९६५च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख आणि २००२ मध्ये मार्शल. गावातल्या पोरांना हे सांगितलं की ती विमानाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

मूळ हरिकेनचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२.१९ मीटर. आठास एक प्रमाण धरलं की १.५२ मीटर येतात, लांबी साधारण सव्वा मीटर. हा आकार मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या हातात पंख सुटे करून नेता येतो आणि डोळ्यांना लांबून नीट दिसतो. या मापात पंखांचं क्षेत्रफळ साधारण ३७ चौरस डेसिमीटर निघतं, म्हणजे तयार विमान अडीच किलोच्या आत राहिलं तर चौरस डेसिमीटरला ६५-६८ ग्रॅमच्या आसपास भार पडतो. यापेक्षा जड झालं की उतरण्याचा वेग वाढतो, आणि आपला पट्टा साठ-सत्तर पावलांचाच आहे. अडीच किलो हा आकडा कागदावर मोठा लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवावा आणि एक-दोन ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा शेजारी ठेवावा. प्रत्येक भाग जोडण्याआधी त्यावर ठेवून वजन वहीत लिहायचं.

सामान जमवायला पोळा ते दसरा एवढा वेळ धरावा. बाल्सा लाकूड मागवावं लागतं. ते मूळ दक्षिण अमेरिकेतलं, पण नात्याने आपल्या काटेसावरीच्या कुळातलं. काटेसावर हलकी असली तरी बाल्साइतकी नाही. धडाच्या आडव्या चौकटींसाठी बाल्सा किंवा सहा मिलिमीटरचं डेप्रॉन (थर्माकोलसारखा पण घट्ट फोमचा तक्ता) घ्यावं. मागच्या धडावर लांबीने धावणाऱ्या काड्यांना मात्र बाल्सा कशाला? बुरुडाकडून बांबूच्या दोन मिलिमीटरच्या काड्या तासून घ्याव्यात. सरळ, वाळलेल्या आणि गाठ नसलेल्या हव्यात, हे त्याला सांगावं. त्याला ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. फेविकॉल, दोन नळ्यांचं अराल्डाइट आणि फेविक्विक तिन्ही लागतात. फेविक्विक थर्माकोलवर किंवा डेप्रॉनवर टाकू नये, ते जागा खाऊन टाकतं. पावसाळ्यात बाल्साचे तक्ते उभे ठेवले तर वाकतात. आडवे, सपाट फळीवर, वरून वजन ठेवून कोरड्या खोलीत ठेवावेत.

मोटर, तिचा वेग आवरणारा स्पीड कंट्रोलर, पाती हलवणारे छोटे सर्व्हो आणि रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर यांच्याबद्दल थोडक्यात. या आकाराला चार सेलची, साधारण ४००० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुरते. मोटर घेताना ती किती वजन ओढेल हे दुकानदाराच्या नव्हे तर बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून ठरवावं, आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) त्याच तक्त्यातल्या मापाचा घ्यावा. उरलेला वेळ चार्जिंगच्या जागेला द्यावा, कारण आपल्याकडे तो खरा प्रश्न आहे. दिवाळीनंतर घराघरांत वेचलेला कापूस भरलेला असतो, बाजूच्या खोलीत कुटार असतं. अशा घरात लिपो चार्ज करू नये. करूच नये. अंगणात, ओट्यापासून दूर, सिमेंटच्या विटांच्या कोंडाळ्यात मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवावी, शेजारी कोरड्या वाळूची बादली, आणि चार्ज होईपर्यंत तिथून हलू नये. रात्री लाइट जाते म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा चार्जर घेतला तर सकाळची वेळ वाया जात नाही.

बांधकामात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची: शेपूट हलकी आहे का. हरिकेनचं नाक शेपटीच्या मानाने आखूड आहे. शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणून मागच्या पंखांचं लाकूड सर्वांत हलकं निवडावं, त्यांचे सर्व्हो मागे न बसवता पंखाजवळ बसवावेत, आणि शेपटीवर रंगाचे थर मोजून द्यावेत. तोल पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून २५ ते २८ टक्क्यांवर यावा. पंखांच्या टोकांची पुढची कड मुळापेक्षा दोन अंश खाली वळलेली हवी, म्हणजे वेग कमी झाल्यावर विमान एकाएकी एका बाजूला पडत नाही. पंख चिकटवतानाच ते साधावं लागतं, नंतर दुरुस्त होत नाही.

आता सजावट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. आधी एका ठरावीक विमानाचे फोटो जमवावेत. 'हरिकेन' या नावाने नव्हे, तर एका स्क्वाड्रनचं, एका काळातलं विमान. ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या हरिकेनचे पंख धातूच्या पत्र्याचे होते, मागचं धड मात्र लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. पंखांवर पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट, धडावर कापडाची खोलगट लाट, हा फरक दाखवला की अर्धं काम झालं. धडावर टिश्यू कागद पाणी घातलेल्या फेविकॉलने चिकटवून वाळू दिला की तो आपोआप ताणला जातो आणि दोन काड्यांमध्ये हलकी खोलगट लाट पडते. तिला हात लावू नये. रिव्हेटसाठी जाड फेविकॉल बारीक सुईच्या सिरिंजमध्ये भरून एकेक थेंब द्यायचा. आठास एक मापात पाच मिलिमीटरचा रिव्हेट अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा दिसतो, त्यामुळे संपूर्ण पंख भरण्यात अर्थ नाही. नाकाची झाकणं, बंदुकांच्या जागा आणि पंखाच्या मुळाशी, जिथे माणूस जवळ येऊन बघतो, तिथे द्यावेत.

कॉकपिटची काच हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि तो आपल्या गावात उत्तम होतो. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणारा सुतार पोळा आटोपला की थोडा मोकळा असतो. त्याच्याकडून कॉकपिटच्या आकाराचा साचा करून घ्यावा. नंदीच्या वशिंडाचा गोलावा ज्याच्या हातात आहे त्याला हा आकार दोनदा समजावावा लागत नाही. साचा पॉलिश कागदाने तासून घ्यावा, कारण लाकडाची रेघ काचेवर उमटते. मग दोन लिटरच्या थंड पेयाच्या पारदर्शक बाटलीचा तळ कापायचा, साचा आत घालायचा, मागे लाकडाची पाचर ठोकून घट्ट करायचा आणि हॉट एअर गन फिरवत राहायची. प्लास्टिक आकसतं आणि साच्याला चिकटून बसतं. गन एका जागी थांबली तर पांढरा डाग पडतो, म्हणून हात हलता हवा. गार झाल्यावर कापून काढायचं. हरिकेनच्या काचेला भरपूर चौकटी आहेत. त्या रंगवण्यापेक्षा रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या तर कडा धारदार येतात.

रेडियमवाला आणखी एका कामाला लागतो. तालुक्याला गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि ट्रॅक्टरवरची नावं कापून देणाऱ्याकडे मशीन असतं. त्याच्याकडून चिन्हांचे साचे कापून घ्यावेत आणि त्यातून रंग मारावा. चिकटवलेल्या स्टिकरची कड दिसते, रंग अंगाशी एकजीव होतो. चिन्ह कोणतं, हे मात्र नीट बघावं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून. बाहेर गडद निळा, आत फिका निळा, एवढंच. केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ १९५० नंतरचं. ते हरिकेनवर काढलं तर सगळी मेहनत खोटी ठरते. अंगावर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला राखाडी. डबीतला रंग जसाच्या तसा लावू नये, थोडा पांढरा मिसळून फिका करावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. थर्माकोलचा भाग असेल तर पाण्यात मिसळणारेच रंग. शेवटी नाकाच्या दोन्ही बाजूंच्या धुराड्यांमागे कोरड्या ब्रशने काजळी ओढावी, मागे जाताना विरळ होईल अशी, आणि वैमानिक चढतो त्या डाव्या पंखाच्या मुळाशी रंग थोडा उडालेला दाखवावा. इथे थांबावं. वजनकाटा पुन्हा बघावा.

पहिलं उड्डाण नोव्हेंबर ते जानेवारीतल्या सकाळी, धुकं निवळल्यावर आणि वारा सुटायच्या आधी. संक्रांतीच्या आठवड्यात गावाजवळ नकोच, मांजा पंख्यात अडकतो. एप्रिल-मे तर पूर्ण वगळावा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, मोटरचा ओढा आणि पंखांचा उचल दोन्ही कमी पडतात, दुपारी वावटळी उठतात, आणि बंद गाडीत ठेवलेलं विमान वाकडं होतं.

आदल्या रात्री बॅटऱ्या भरायच्या, सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर नाही. वावरात पोचल्यावर पंख जोडून पुन्हा तोल बघायचा, पंखांवरचा आणि शेपटीवरचा प्रत्येक हलणारा पाता योग्य दिशेला हलतो का हे मागे उभं राहून तपासायचं, विमान कोणाला तरी पक्कं धरायला सांगून रिमोट कमी ताकदीवर ठेवत तीस पावलं लांब जायचं, मग रिमोट बंद करून मोटर थांबते का ते बघायचं. पोरांना पट्ट्याच्या एका बाजूला, आपल्या मागे, धुऱ्यावर बसवायचं. वाऱ्याकडे तोंड करून थ्रॉटल हळूहळू वाढवायचा, डावीकडे ओढ जाणवली की उजवा रडर (शेपटीवरचा उभा पाता), आणि शेपूट उचलल्यावर घाई न करता वेग येऊ द्यायचा. पहिल्या फेरीत चार मिनिटांचा गजर लावून ठेवायचा आणि तो वाजला की उतरायचं, बॅटरीत कितीही उरलेलं असो. उतरल्यावर सेलचे व्होल्ट बघून वहीत लिहायचे, चाकांतली काळी माती ओली असतानाच काढायची, आणि त्या दिवशी पुन्हा उडवायचं नसेल तर बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणूनच ठेवायच्या.