केसांच्या उपचारांचा खर्च: पैसे भरण्याआधी हिशेब असा मांडा

सांगलीत आमचं मेडिकल आहे. लग्नसराई जवळ आली की टोपी घातलेली तरुण पोरं गर्दी ओसरेपर्यंत थांबतात आणि हळूच विचारतात, "ताई, केसांसाठी काहीतरी चांगलं द्या ना." कुणाकुणाच्या हातात क्लिनिकच्या पॅकेजचा कागद असतो आणि त्यावर एकच मोठा आकडा. मी त्यांना सांगते, तो आकडा फोडून मागा आणि पुढच्या पाच वर्षांचा खर्च काढा.

पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञांच्या फीचा. तो वाचवायला जाऊ नका. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, पण बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप सावरतात. थायरॉइड बिघडलं असेल किंवा लोह कमी असेल, तर ते रक्ततपासणीत दिसतं आणि उपचार त्यावरच करायचे असतात. चाई पडली असेल, म्हणजे गोल चकत्यांत केस गेले असतील, तर उपचार आणखी वेगळे. अशा वेळी ट्रान्सप्लांटचं पॅकेज घेणं म्हणजे पैसा पाण्यात.

कपाळ वर सरकत जातं किंवा टाळू उघडी पडते, त्या आनुवंशिक गळतीवर मुख्य औषधं दोन. मिनॉक्सिडिल 5 टक्क्यांची 60 मिलीची बाटली घ्या. दिवसातून दोनदा एकेक मिली लावलं तर ती बरोबर महिनाभर पुरते. बाटली 700 रुपयांची धरली तर वर्षाचे 8,400. फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅमची गोळी दहा रुपयांना धरली तर वर्षाचे 3,650. म्हणजे दोन्ही मिळून पाच वर्षांचे 60,250 रुपये. औषध थांबवलं की त्याच्यामुळे टिकलेले केस पुन्हा जाऊ लागतात, म्हणून वर्षांचा हिशेब मांडायला सांगते. बाटली घेताना कंपनीचं नाव बाजूला ठेवा, घटक आणि टक्केवारी वाचा. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं बरंच स्वस्त मिळू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींचे केस जास्तच गळतात, तेव्हा घाबरून बाटली फेकू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराइड मात्र चिठ्ठीशिवाय मागूच नका. काही पुरुषांना त्याने कामेच्छा कमी झाल्याचा त्रास होतो, आणि गरोदर बाईने तर फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही.

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून टाळूत इंजेक्शनने देणं. त्याचा भाव एका बैठकीचा किती, एकूण बैठका किती आणि वर्षभरानंतर पुन्हा किती, हे तिन्ही विचारा.

ट्रान्सप्लांटचा भाव बहुतेक ठिकाणी ग्राफ्टवर असतो. ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातून मुळासकट काढून टकलावर लावायचा केसांचा छोटा पुंजका. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, म्हणून "पाच हजार केस" आणि "पाच हजार ग्राफ्ट" यांत फार मोठा फरक आहे. कागदावर ग्राफ्टच लिहून घ्या. 40 रुपयांनी 2,500 ग्राफ्ट म्हणजे एक लाख. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,18,000. भाजल्यामुळे किंवा अपघातात केस गेले असतील तर या करातून सूट आहे, ती मागा. निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. आणि ट्रान्सप्लांट झालं तरी मूळचे केस गळायचे थांबत नाहीत, म्हणून वरचा औषधांचा खर्चही यात मिळवा.

सुरी कुणाच्या हातात असणार, हे नावानिशी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांचं आहे. स्वस्त भावात तंत्रज्ञाच्या हाती डोकं देऊ नका. डोक्याच्या मागच्या भागातली मुळं मोजकीच असतात आणि वाया गेलेलं मूळ परत उगवत नाही.

"बिनव्याजी हप्ते" म्हटलं तर प्रोसेसिंग फी किती आणि उपचार मध्येच थांबवले तर उरलेल्या पैशांचं काय, हे सहीआधी लेखी घ्या.

वय बावीस-तेवीस असेल तर माझा आग्रह थांबण्याचा असतो. टक्कल कुठवर जाणार ते त्या वयात ठरलेलं नसतं. आज पुढची रेघ भरली आणि उद्या तिच्यामागचे केस गेले, तर पुन्हा ग्राफ्ट, पुन्हा लाख. सोबत आलेल्या आईलाही मी हेच सांगते: डॉक्टरांना विचारून वर्षभर औषध द्या, दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा आणि ते फोटो घेऊन मग ट्रान्सप्लांटचं विचारायला जा.