हेराल्ड उभी करायची तर खालून सुरुवात करा

दर मे महिन्यात दोन-तीन फोन येतातच. कुणी सुट्टीला गावी आलेलं असतं, खानापूर नाहीतर चंदगडकडच्या जुन्या घराची आवराआवर चाललेली असते, आणि पिंजराच्या ढिगामागं आजोबांची जुनी हेराल्ड मोटार सापडते. "काका, कुठला रंग देऊ?" हा पहिला प्रश्न. रंगाचं पुढच्या वर्षी बघू. आधी मला सांगा, पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्या ब्राँझच्या ठोकळ्यावर वळतं त्यात, तेल आहे की ग्रीस?

मी एकतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशिन शॉपमध्ये काढली. हेराल्डचं वेड त्याच्याही आधीचं. शहापुरात आमच्या गल्लीत एका डॉक्टरांची फिकट निळी हेराल्ड यायची. एकदा आजीला तपासायला आले आणि परत जाताना गाडी सुरू होईना. त्यांनी दोन बाजूंच्या खटक्या काढल्या आणि गाडीचं अख्खं नाक, मडगार्ड-दिव्यांसकट, पुढं कलंडवलं. इंजिन, पुढची दोन्ही चाकं, स्टिअरिंगच्या दांड्या, सगळं उघडं. दहा वर्षांचा मी तिथंच उभा राहिलो, शाळा बुडाली. पुढं स्वतःच्या तीन हेराल्ड उभ्या केल्या आणि लोकांच्या बऱ्याच. बॉनेट उचलून पुढच्या टायरवर बसून टॅपेट लावताना अजूनही मला तेवढाच आनंद होतो.

गाडी मूळची ट्रायम्फ हेराल्ड, 1959 साली इंग्लंडात आली. रूप दिलं जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून ती स्टँडर्ड हेराल्ड या नावानं काढली, 948 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घालून. त्या काळी इंग्लंडातल्या मूळ कंपनीला अख्खी बॉडी एकसंध बनवून देणारा कुणी मिळेना, म्हणून त्यांनी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ठेवली आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांत करून नट-बोल्टनं जोडली. छतसुद्धा बोल्टवर आहे. त्यांची ती अडचण आज आपल्या कामी येते. मॉरिस मायनर मलाही फार आवडते, पण तिची बॉडी हीच तिची चासी, त्यामुळं पत्रा गेला की हात आखडतो. घराच्या अंगणात, दोन माणसांत करायची पहिली गाडी विचाराल तर मी हेराल्डच सांगेन.

गाडी ओढून आणण्याआधी कागद बघा. आमच्या सीमाभागात हा घोळ नेहमीचा: गाडी चंदगडची, म्हणजे नोंद कोल्हापूरला, आणि मालक बेळगावचा. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मिळाल्याशिवाय इकडे बेळगावच्या केए-22 मध्ये काही हलत नाही. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या आधी गोळा करा. पुण्या-मुंबईच्या भावंडांना गाठण्यात माझं एकदा वर्ष गेलं आहे. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून 'व्हीए' ही वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. पण त्या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. माझी हेराल्ड मी चालवतो, म्हणून मी साधी नोंदणीच पुढं वाढवत ठेवली आहे. चासी नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही सुंदर असो, हात लावू नका.

आता ट्रनियन.

पुढच्या प्रत्येक चाकामागं एक उभी पोलादी लिंक असते. तिच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक ब्राँझच्या एका ठोकळ्यात फिरतं. तो ठोकळा म्हणजे ट्रनियन. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की पोलाद ब्राँझमध्ये आट्यांवर फिरतं, आणि गाडीच्या त्या बाजूचा सगळा भार त्याच आट्यांवर असतो. इथं लागतं गिअर ऑइल, नव्वद नंबर. ग्रीस नाही. कंपनीच्या पुस्तकातही तेलच सांगितलंय. ग्रीस आट्यांतून वर चढत नाही, जागीच सुकून मेणासारखं होतं, वरून पावसाचं पाणी शिरतं आणि लिंक आतून गंजते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही.

माझ्या पहिल्या गाडीत एका गॅरेजवाल्यानं मोठ्या मायेनं ग्रीस भरलं होतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. ऑगस्टातली संध्याकाळ, बायको शेजारी, मुलगी मागच्या सीटवर, खडेबाजाराकडून घराकडं वळलो आणि उजवं चाक बाहेरच्या बाजूला सपाट आडवं झालं. वेग पायी चालण्याइतका होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. हाच प्रकार चोर्ल्याच्या घाटात झाला असता तर, हा विचार अजून मला मध्येच येतो. दुसऱ्या दिवशी तुटकी लिंक शॉपमध्ये नेऊन उजेडात धरली. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, जुना गंज. आणि एका कडेला करंगळीच्या नखाएवढी जागा ताजी, करडी, चकचकीत. म्हणजे कित्येक महिने आम्ही चौघं तेवढ्या नखाएवढ्या पोलादावर फिरत होतो. चौथी माझी आई. ती त्या दिवशी घरी होती.

म्हणून हे काम असं करा. गाडीचं नाक जॅकवर उचला, चासीखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रनियनकडं बघायला सांगा. खटखट लागली तर आटे गेलेत. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जड लागलं तर आत कोरडं आहे. ट्रनियनवर एक छोटा प्लग असतो, तो काढून तिथं निपल बसवा. एक ग्रीस गन फक्त तेलासाठी ठेवा आणि तिच्यावर तसं रंगानं लिहा. चाक हवेत असतानाच तेल मारा, वरच्या सीलमधून काळं पाणी, मग काळं तेल, मग स्वच्छ तेल येईपर्यंत. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा हे मी चुकवत नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेली गाडी असेल तर मात्र नुसत्या तेलावर भागवू नका, लिंक उघडून आटे डोळ्यांनी बघा. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, अदलाबदल करायची नाही. गंजाचे खड्डे दिसले तर लिंक भंगारात. वेल्डिंग करून वापरणाऱ्यांशी माझं भांडण झालंय आणि पुढंही होईल. आमच्या उद्यमबागेत काय होत नाही? बुश, पिना, स्पेसर मी स्वतः लेथवर काढून घेतो. पण ही लिंक आणि ब्रेकचे रबर या दोन वस्तू विलायतेहून नव्या मागवायच्या, महिना दोन महिने थांबावं लागलं तरी.

दुसरं काम चासी. बेळगावची हवा गाडीला वरून त्रास देत नाही. जून ते सप्टेंबर लाल चिखल खालून उडतो, कप्प्यांत बसतो आणि ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो. खानापूरच्या बाजारात मडकं वाजवून घेतो तशी चासी वाजवत जा, लहान हातोडीनं, दर चार बोटांवर. खणखणीत वाजलं तर पुढं. बद्द वाजलं तर खडूनं फुली. मुख्य दोन बीम सहसा शाबूत असतात. बीमपासून बाजूला निघणारे हात, म्हणजे आउटरिगर, आणि डिकीखालचा भाग जातो. माझा वेल्डर गोकाककडचा, कन्नड माणूस. एका गाडीखाली तो पाठीवर सरकत गेला, दोनदा ठोकलं, आणि खालून आवाज आला, "तुक्कु हिडदैत्रि!" गंज धरलाय. त्याचा स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला होता. वरून मात्र त्या गाडीला आरशासारखा रंग होता, मालकानं नुकताच दिलेला. तो सगळा रंग पुढं जळाला.

इथं एक चूक नवे लोक हमखास करतात: अख्खी बॉडी उतरवून ठेवतात. बॉडी चासीवर असू द्या. जमीन सपाट हवी. चासीवर समोरासमोरचे बोल्ट धरून आडवी-तिरकी मापं घ्या, वहीत लिहा, आणि एका वेळी एकच आउटरिगर कापा. तो पूर्ण बसला की दुसरा. दारांच्या फटींवर नजर ठेवा. वरची फट रुंद आणि खालची अरुंद व्हायला लागली तर चासी वाकतेय, तिथंच थांबा. बॉडी आणि चासीच्या मध्ये जे वॉशर-पॅकिंग निघेल त्यावर कुठलं कुठं होतं ते लिहा. मी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरतो, झाकणावर स्केच पेननं "डावा पुढचा, 2 वॉशर" असं. हे डबे नसते तर माझी दुसरी हेराल्ड आजही शेडमध्येच असती.

पान्यांबद्दल. या गाडीचे बोल्ट इंची आहेत. जुने मिस्त्री सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत, म्हणजे 7/16, 1/2 आणि 9/16, एवढ्या तीन पान्यांत बरीचशी गाडी खुलते. बारा-तेराचा मिलिमीटर पाना "बसतो की" म्हणून लावू नका, बोल्टची डोकी गोल होतील. अडलेल्या बोल्टला रात्रभर डिझेल, सकाळी उष्णता, आणि आधी थोडं आवळून मग ढिला करायचा.

ब्रेक पूर्ण उघडायचे, यात तडजोड नाही. चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी नळ्या, पोलादी पाइप, सगळं. एकच लाइन चारही चाकांना जाते, त्यामुळं एक नळी फुटली की पॅडल थेट तळाला.

इंजिनाला लोक घाबरतात, आणि तेच बिचारं सगळ्यात कमी त्रास देतं. जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, तीन-चार दिवस तसंच ठेवा, मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हातानं फिरवा. धक्का मारून, गिअर टाकून नाही. एक तपासणी मात्र नक्की करा. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुलीकडं बघा. ती पुढं-मागं सरकलेली नुसत्या डोळ्यांना दिसली तर क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते सुटून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तबकात, पडले की क्रँक ब्लॉकलाच खायला लागते. आत्ता सम्प काढून खालूनच बदलता येतात, दोन दिवसांचं काम आहे. फटी थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात: टॅपेट थंड इंजिनावर 10, पॉइंट 15, प्लग 25. सिलिंडर पेटण्याचा क्रम, म्हणजे फायरिंग, 1-3-4-2.

पेट्रोलचं नवं दुखणं इथेनॉल. आता पंपावर सहसा 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगून मऊ पडतं. नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचेच घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही. व्हॉल्व्हच्या सीटना जपणारं शिशाचं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं; इंजिनाचं हेड उतरलंच तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या, पण तेवढ्यासाठी चांगलं हेड उतरवू नका.

वायरिंग दिसतं तेवढं अवघड नाही. वायरिंग बनवणाऱ्या लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगांचा नियम ठरलेला: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. मधल्या काळात कुणी पिवळी जोडून ठेवली असेल ती शोधून काढा. बॅटरी लावण्याआधी कुठलं टोक अर्थ आहे ते बघा, जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो.

एवढं झालं की मग रंग. पुट्टी पातळ, प्रायमर दोन हात, आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

पहिली फेरी मी नेहमी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या रस्त्याला मारतो, पहाटे, वर्दळ नसताना. चढाला पाण्याचं तापमान कळतं, उताराला ब्रेक, वळणावर स्टिअरिंग. मागचे ॲक्सल मध्यावरून झुलतात, त्यामुळं वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, मागचं चाक आत दुमडतं. वेग वळणाआधी कमी करायचा. परत आल्यावर गाडी थंड होऊ द्या, साडेचार सुताचा पाना घेऊन खाली झोपा आणि बॉडीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. निम्मे तरी पाव फेरा घेतात. शेवटी दोन्ही ट्रनियनवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं पाहिजे.