बेस चोरायचा कसा? रिकी हेंडरसनकडं बघून शिका

बेळगाव-खानापूर भागात ज्या पोरांचे पाय खो-खोत तयार झालेत आणि ज्यांना आता बेसबॉल खेळायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. बेस चोरणं म्हणजे बॅटरनं बॉल मारायची वाट न बघता, पिचर (बॉल टाकणारा) टाकायला लागला की पुढच्या बेसवर पळणं. ते म्हटलं की सगळ्यांना वाटतं, जोरात पळता आलं की झालं. तसं नाही.

अमेरिकेचा बेसबॉल खेळाडू रिकी हेंडरसन, त्याचं करिअर बघा. १९७९ ते २००३ मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) १४०६ बेस चोरले, त्याच्या आधीचा रेकॉर्ड लू ब्रॉकचा, ९३८. १९८२ ला ओकलंड टीमकडनं एकाच सीझनमध्ये १३०, आणि १९९८ ला वयाच्या ३९ व्या वर्षी ६६ चोरून अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगचा एक भाग) पहिला! त्या वयात नुसत्या पायांवर हे होत नाही, पिचर वाचता यायला लागतो.

आधी हिशोब समजून घ्या. समजा तुम्ही फर्स्ट बेसवरनं सेकंडला चाललाय. दोन बेसमध्ये ९० फूट. चांगल्या लेव्हलला पिचरच्या हालचालीपासनं बॉल कॅचरकडं (बॅटरच्या मागं बसून पकडणारा) जायला साधारण १.३ सेकंद, कॅचरनं पकडून सेकंड बेसवर फेकायला अजून २ सेकंद, म्हणजे तुमच्याकडं सव्वातीन-साडेतीन सेकंदच असतात, त्यामुळं सुरुवातीलाच उशीर झाला तर पुढं कितीबी पळा, आउटच.

म्हणून पिचरच्या पायांकडं बघा, तोंडाकडं नको. उजव्या हातानं टाकणारा असेल तर त्याची उजवी टाच आधी हलली की तो बहुतेक तुमच्याकडंच फेकणार, परत बेसवर सूर मारा. डावा पाय उचलला की बॉल होमकडं (बॅटरकडं), निघा. डावखुरा पिचर तुमच्याकडं तोंड करूनच उभा असतो, त्याला वाचायला जास्त वेळ द्या. पहिल्या इनिंगपासनं, आपण बाहेर बसलेलो असताना सुद्धा, हेच बघत राहायचं.

लीड, म्हणजे बेस सोडून पुढं उभं राहायचं अंतर, एवढीच घ्या की एका सुरात परत हात बेसला लागला पाहिजे. वजन दोन्ही पायांवर, गुडघे वाकलेले, उजवं पाऊल जरासं सेकंड बेसकडं वळवलेलं. निघताना डावा पाय उजव्यावरनं पुढं टाकायचा आणि पहिली दोन-तीन पावलं खाली वाकूनच, लगेच ताठ झालात की वेग गेला. खो-खोत खांबाजवळ हुलकावणी देणाऱ्याला हे लवकर जमतं. फक्त शाळेत सॉफ्टबॉल खेळत असाल तर तिथं अशी लीड चालत नाही, पिचरच्या हातातनं बॉल सुटेपर्यंत पाय बेसवरच पाहिजे.

आता स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं. रिकी डोकं पुढं करून जायचा. विमान अलगद कसं उतरतं, आधी खाली येऊन मग टेकतं, त्यावरनं त्यानं ते घेतलं असं तो सांगायचा. म्हणजे उंचावरनं धपकन पडायचं नाही, पळता पळताच अंग जमिनीजवळ आणायचं आणि छाती-पोटावर घसरायचं. डायरेक्ट लाल मातीत करू नका, सोलून निघाल. भाताचं पिंजर पसरा, वर जुनी ताडपत्री टाकून पाणी मारा आणि त्यावर करा. लहान पोरांनी आधी पाय पुढं करूनच घसरावं.

आउट झालात तर लगेच घाबरून बेसला चिकटून बसू नका. त्या १३० वाल्या सीझनमध्ये रिकी ४२ वेळा पकडला गेलाय. कोचला विचारा, कुठल्या पिचरवर पकडलो, टाच आधी हलली का खांदा, आणि पुढच्या वेळी तोच पिचर आला की पहिले दोन बॉल नुसते बघा.