चार्ल्सटन की सव्हाना? तुलना करताना आणि बाजारपेठेचा रस्ता सावरताना या चुका टाळा

अटलांटातल्या मराठी घरांत लाँग वीकेंड जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो: साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला जायचं की आपल्या जॉर्जियातल्याच सव्हानाला? आणि परत आल्यावर एक निकालही हमखास लागतो. "दोन्ही सारखीच हो. जुनी घरं, ओकच्या झाडांवरून जटांसारखं लोंबणारं स्पॅनिश मॉस आणि घोडागाडी." चर्चा थोडी रंगली की कुणीतरी पुढे जाऊन सल्लाही देतं, की सव्हानाने आपला बाजारपेठेचा रस्ता, म्हणजे ब्रॉटन स्ट्रीट, चार्ल्सटनच्या बाजारपेठेसारखा, म्हणजे किंग स्ट्रीटसारखा करून टाकावा, म्हणजे विषय संपला.

मला हा सल्ला दरवेळी खटकतो. पथ्य एकाचं आणि दुखणं दुसऱ्याचं, असला प्रकार आहे तो. जुन्या शहरातला बाजारपेठेचा रस्ता ओस का पडतो आणि पुन्हा कशाने भरतो, हे या दोन शहरांइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं. पण त्यासाठी तुलना नीट करावी लागते, आणि चुका होतात त्या तिथेच.

आकडे शेजारी ठेवून मोकळं होणं

2020 च्या जनगणनेत चार्ल्सटनची लोकसंख्या 1,50,227 होती आणि सव्हानाची 1,47,780. म्हणजे बरोबरीची शहरं, असं वाटतं. पण चार्ल्सटनच्या हद्दीत नदीपलीकडचा मोठा उपनगरी भाग येतो. पर्यटक ज्याला चार्ल्सटन म्हणतो ते ॲश्ली आणि कूपर या दोन नद्यांमधलं चिंचोळं द्वीपकल्प, आणि बहुतेक चार्ल्सटनकर तिथे राहतच नाहीत. जुन्या पेठेची तुलना जुन्या पेठेशीच करायला हवी.

दुसरा घोळ नावांचा. "सिटी मार्केट" दोन्हीकडे आहे. चार्ल्सटनचं जुनं आहे, त्याच्या तोंडाशी 1841 चा मार्केट हॉल उभा आहे. (तिथे गुलामांचा लिलाव व्हायचा हा आणखी एक गैरसमज. ती जागा वेगळी, चाल्मर्स स्ट्रीटवरची.) सव्हानाचं मूळ मार्केट 1954 मध्येच पाडलं गेलं. आज त्या नावाने जे दाखवतात त्या बाजूच्या जुन्या वखारी आहेत. त्या पाडापाडीकडे पुढे येऊच, कारण ती या गोष्टीतली सगळ्यात महागडी चूक आहे.

रस्ता कुठून कुठे जातो हे न बघणं

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

चार्ल्सटन 1670 मध्ये वसलं, दहा वर्षांनी आजच्या जागी हललं आणि मग जमेल तसं वाढत गेलं. किंग स्ट्रीट हा द्वीपकल्पाच्या पाठीच्या कण्यावरून जाणारा रस्ता. गावाबाहेर पडायची मूळ वाट तीच. त्यामुळे आजही हॉटेल, कॉलेज, राहती घरं, मॅरियन स्क्वेअरचं मैदान, सगळं त्याला लागून आहे. तुम्ही ठरवा किंवा ठरवू नका, चालता चालता किंग स्ट्रीटवर येताच.

सव्हाना 1733 चं, आणि ते आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओग्लथॉर्प याच्या आराखड्यात प्रत्येक वॉर्डाच्या मध्यभागी एक चौक, त्याच्या पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी जागा, उत्तर-दक्षिणेला घरांचे प्लॉट. असे एकूण 24 चौक झाले, त्यांतले 22 आज आहेत. शहराचं सगळं सौंदर्य या चौकांत आहे आणि ब्रॉटन स्ट्रीट त्यांपैकी एकालाही शिवत नाही. तो चौकांच्या दोन रांगांमधून पूर्व-पश्चिम सरळ निघून जातो. पर्यटक नदीकडून निघतो, बुल स्ट्रीटने एकेक चौक घेत फोर्सिथ पार्कपर्यंत जातो. जॉन्सन स्क्वेअर झाला, राइट स्क्वेअर यायचाय, मध्ये एक सिग्नल लागतो. तो सिग्नल म्हणजे ब्रॉटन स्ट्रीट. अर्ध्या मिनिटात ओलांडून माणूस पुढे.

म्हणून किंग स्ट्रीटवर लागू पडलेला उपाय ब्रॉटनवर तसाच लागू पडेल असं मानणं चूक. एका रस्त्यावर माणसं आपसूक येतात, त्यांना थांबवायचं असतं. दुसऱ्यावर ती आडवी जातात, त्यांना वळवायचं असतं. ही कामं वेगळी आहेत. गंमत म्हणजे ब्रॉटन आणि बुल ही दोन्ही नावं शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या माणसांची, वसाहत उभी राहताना मदतीला धावलेल्या थॉमस ब्रॉटन आणि विल्यम बुल यांची. नाव तिकडून घेतलं म्हणून चालही तिकडची येते असं नाही.

"मॉलने मारलं" एवढ्यावर निदान संपवणं

अमेरिकेतल्या कुठल्याही ओसाड डाउनटाउनबद्दल विचारा, हेच उत्तर मिळतं. खोटं नाही ते. सव्हानात ओग्लथॉर्प मॉल 1969 मध्ये उघडला, आणि चार्ल्सटनभोवतीही सत्तरच्या दशकात मॉल उभे राहिले. पण गिऱ्हाईक आधी उपनगरात राहायला गेलं, दुकान त्याच्या मागून गेलं. जे व्यापारी मागे राहिले त्यांनी मॉलसारखं दिसण्यासाठी जुन्या विटांच्या दर्शनी भिंतींवर पत्रे ठोकले. वरच्या मजल्यांच्या खिडक्या पत्र्याआड गेल्या आणि वरचे मजले साठवणीच्या खोल्या झाले.

आणखी एक गोष्ट या निदानातून नेहमी गळते. या रस्त्यांवर सगळ्यांना सारखा प्रवेश नव्हता. 16 मार्च 1960 रोजी ब्रॉटन स्ट्रीटवरच्या लेव्हीज या मोठ्या दुकानाच्या अझेलिया रूममध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी जेवणाच्या टेबलाशी बसले, म्हणून त्यांना अटक झाली. तिथे कपडे विकत घ्यायला मनाई नव्हती, जेवायला बसायला होती. मग सव्हानातले नागरी हक्क चळवळीचे नेते डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ यांच्या पुढाकाराने दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. हे लॉ पेशाने पोस्टमन. ऑक्टोबर 1961 मध्ये शहराला तो वेगळं बसवण्याचा नियम रद्द करावा लागला. चार्ल्सटनमध्येही 1 एप्रिल 1960 ला बर्क हायस्कूलचे विद्यार्थी किंग स्ट्रीटवरच्या क्रेस स्टोअरच्या जेवणाच्या काउंटरशी असेच बसले होते. "पूर्वी हा रस्ता किती गजबजलेला असायचा" असं कुणी हळहळून सांगितलं की विचारावं, कुणासाठी?

मोठं हॉटेल आणलं की काम झालं असं समजणं

जोसेफ रायली 1975 मध्ये चार्ल्सटनच्या महापौरपदी निवडून आले आणि चाळीस वर्षं राहिले. किंग स्ट्रीटचं पुनरुज्जीवन म्हटलं की त्यांचं नाव येतं, आणि पाठोपाठ चार्ल्सटन प्लेसचं. 400 हून जास्त खोल्यांचं हे हॉटेल 1986 मध्ये उघडलं. त्याआधीची बरीच वर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्यांत गेली. विरोधक कोण, तर वारसा जपणारी मंडळी. अमेरिकेतला पहिला वारसा-विभागाचा नियम 1931 मध्ये करणारं हे शहर, तिथे इतकी अवजड इमारत कोण मुकाट्याने सोसणार! त्या भांडणातून आराखडा सुधारला हे मात्र मान्य करावं लागतं.

बाकीची शहरं नक्कल करतात ती हॉटेलची. बघायला हवं ते हॉटेल कसं बसवलंय. किंग स्ट्रीटच्या बाजूने उभं राहिलात तर दिसतात दोन-तीन मजली जुनी दुकानं. हॉटेलचा उंच भाग त्या दुकानांच्या आत, मागे सरकवलेला. मुख्य दार पलीकडे मीटिंग स्ट्रीटला, जिथे मार्केट हॉल जवळ पडतो. आणि मधून दुकानांची एक आतली वाट आरपार जाते. मार्केटमध्ये फिरणारा पर्यटक सावली आणि एसी बघून आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो तो थेट किंग स्ट्रीटवर. हे हॉटेल म्हणजे दोन रस्त्यांमधला बोळ आहे म्हणा ना.

सव्हानानेही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला असंच वादग्रस्त मोठं हॉटेल बांधलं, पण नदीकाठी. त्याचा फायदा नदीकाठाला झाला. बाजारपेठ तीन गल्ल्या आत, तिच्या वाट्याला उरलंसुरलं.

पार्किंगसाठी बाजारच पाडणं

आता ती महागडी चूक. एलिस स्क्वेअर हा सव्हानाच्या मूळ चौकांपैकी एक, ब्रॉटनपासून हाकेच्या अंतरावर. त्यात विटांच्या कमानींचं सिटी मार्केट होतं. दुकानदारांना पार्किंग हवं होतं, तेव्हा 1954 मध्ये मार्केट पाडून तिथे बहुमजली गॅरेज बांधलं आणि जागा पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने अडकवली. ज्या कारणाने लोक डाउनटाउनला येत होते तेच पाडून, लोकांनी यावं म्हणून गाड्यांची सोय केली! वर्षभरात डेव्हनपोर्ट हाउस हे जुनं घर पाडायची वेळ आली तेव्हा सात बायका पुढे झाल्या, पैसे जमवून त्यांनी ते वाचवलं, आणि 1955 मध्ये हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन उभं राहिलं.

भाडेपट्टा संपल्यावर गॅरेज पाडलं, पार्किंग जमिनीखाली नेलं आणि 2010 मध्ये चौक पुन्हा खुला झाला. आज तिथे जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यात पोरं भिजत असतात आणि त्यांच्या पायाखाली गाड्या उभ्या असतात. चूक दुरुस्त व्हायला अर्धं शतक गेलं, आणि मार्केट काही परत आलं नाही.

पार्किंग नकोच असं कुणी म्हणत नाही. चार्ल्सटननेही गॅरेजं बांधली, पण रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्यावर दुकानं आणि वर खिडक्यांसारखी रचना केली. काही ठिकाणी समोरून गेलात तरी आत गाड्या आहेत हे चटकन कळत नाही.

गाड्या बंद करून हात झटकणं

साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत रस्तेच्या रस्ते पादचारी करून टाकायची लाट आली होती. नॉर्थ कॅरोलायनात राली शहराने फेएटव्हिल स्ट्रीट 1977 मध्ये असाच बंद केला. कार्यालयं सुटली की सामसूम. 2006 मध्ये तो पुन्हा गाड्यांना खुला केला. उलट साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलने मेन स्ट्रीट पूर्ण बंद न करता चार लेनच्या दोन केल्या, फूटपाथ रुंद केले, झाडं लावली. तो चालला. चार्ल्सटनमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी किंग स्ट्रीटचा मोठा भाग दुपारी पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळा असतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, साधारण त्याच जातीचं. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, पण बदलला तर काय होईल ते दुकानदाराला आपल्या गल्ल्यावरून कळतं.

गाळे भरले म्हणजे रस्ता सुधारला, असं मोजणं

रिकामे गाळे मोजणं सोपं म्हणून सगळे तेच मोजतात. ब्रॉटनवर गेल्या दशकात अटलांटाच्या एका विकासकाने एकामागून एक इमारती घेतल्या आणि देशभरच्या साखळी ब्रँडना आणलं. पाट्या झळकल्या. पण साखळी दुकान बंद करायचा निर्णय दुसऱ्याच कुठल्या शहरातल्या मुख्य कार्यालयात होतो, त्याला तुमच्या रस्त्याशी देणंघेणं नसतं. शिवाय भाडं एकदा त्यांच्या हिशेबाने चढलं की चावी बनवणारा, शिंपी, जोडे दुरुस्त करणारा पुन्हा परतत नाही.

यशाचंही बिल येतं. 1980 च्या सुमारास चार्ल्सटनच्या द्वीपकल्पावर कृष्णवर्णीय रहिवासी बहुसंख्य होते, आज ते अल्पसंख्य आहेत. किंग स्ट्रीटचं कौतुक करताना हे सांगायचं राहून जातं. आणि सव्हानात ब्रॉटनच्या पश्चिम टोकाला, आजच्या मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्डवर, कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती. साठच्या दशकात महामार्गाचा पूल आला आणि 1963 मध्ये तिथलं युनियन स्टेशन हे रेल्वे स्थानक पाडलं, आणि ती पेठ मोडली. ब्रॉटन सावरायचा म्हणून नुसती ब्रॉटनवरची दुकानं बघणारे या टोकाशी येऊन थांबतात.

माझ्या मते ब्रॉटनला खरा हात दिला तो विद्यार्थ्यांनी. 1978 मध्ये सुरू झालेल्या सव्हाना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनने जुन्या इमारती एकेक करून वापरात आणल्या. ब्रॉटनवरचं बंद पडलेलं वाइस थिएटर 1998 मध्ये ट्रस्टीज थिएटर म्हणून उघडलं. समोरच्या मोठ्या दुकानाचं पुढच्याच वर्षी ग्रंथालय झालं. विकायला त्यात काही नाही. पण सेमिस्टर चालू असलं की पोरं सकाळी येतात, संध्याकाळी येतात, सुट्टीचा मोसम नसतानाही येतात, त्यांना कॉफी लागते, सँडविच लागतं, वह्या लागतात. पर्यटकांवर पोसलेल्या रस्त्याला जानेवारीतला मंगळवार जड जातो, तो असा निघतो.

तेव्हा या रस्त्यांवर गेलात तर दुकानांच्या काचा जरा बाजूला ठेवा आणि मान वर करा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पडदे आहेत का, दिवा आहे का, कुणाची सायकल बाल्कनीत टांगलीय का, ते बघा. आणि ब्रॉटनवर त्या ग्रंथालयापाशी थांबा. दाराजवळ 1960 ची हकीकत सांगणारा फलक आहे. ते पूर्वी लेव्हीज होतं.