कार्नेशनवरील विषाणू रोग : पावसाळ्यानंतरची पाहणी

पाऊस ओसरल्यावर मावळ, सातारा आणि नाशिक भागांतील पॉलिहाऊसमध्ये कार्नेशनच्या कळ्यांची खुडणी वेग घेते आणि गार, ढगाळ हवेत मावा ही रस शोषणारी बारीक कीडही वाढू लागते. कार्नेशनचे विषाणू पसरतात ते प्रामुख्याने याच दोन मार्गांनी, म्हणजे हातांनी आणि माव्याने. म्हणून पाहणीसाठी हाच काळ योग्य आहे.

सर्वांत जास्त आढळणारा, पण सहज लक्षात न येणारा विषाणू म्हणजे कार्नेशन मॉटल. त्याचा प्रसार कोणत्याही किडीमुळे नव्हे, तर रोगट झाडाचा रस लागलेले हात, चाकू व कात्री यांमधून होतो. कोवळे पान घेऊन त्यावरची पांढुरका मेणचट थर अंगठ्याने हलकेच पुसावा आणि पान उजेडासमोर धरावे. फिकट व गडद हिरव्या रंगांची अस्पष्ट सरमिसळ दिसली, तर या विषाणूचा संशय घ्यावा. पान पाहून झाल्यावर दुसऱ्या झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, अन्यथा पाहणीच रोग पसरवते. ही सरमिसळ अन्नद्रव्यांची कमतरता समजून अनेक जण सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारत राहतात आणि तेवढ्या काळात रोग पूर्ण गादीवाफ्यावर पसरतो, याचे वाईट वाटते.

माव्यामार्फत येणाऱ्या विषाणूंची खूण वेगळी असते. एच्ड रिंग विषाणूमुळे खालच्या, जून पानांवर कोरल्यासारखी वाळलेली वलये व रेषा उमटतात. नेक्रोटिक फ्लेकमुळे पांढरट-करडे किंवा जांभळट ठिपके आणि पट्टे येऊन पाने वाळतात. व्हेन मॉटलमध्ये मात्र कोवळ्या पानांच्या शिरांलगत ठिपके दिसतात आणि लाल किंवा गुलाबी फुलांत रंग तुटून फिकट-गडद पट्टे पडतात. एकाच झाडात दोन-तीन विषाणू असणे नेहमीचेच असल्यामुळे लक्षणे मिसळलेली दिसतात.

पट्टे दिसताच झाड उपटण्याची घाई करू नये. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पाकळ्यांवरही तसेच डाग पडतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकल्यास बारीक किडे पडतात. लाल कोळी असल्यास पानाच्या मागे भिंगातून कोळी व जाळी दिसते. केवळ कळीचे बाहेरचे हिरवे आवरण फाटले, तर आधी दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत तपासावी. लॅटेंट विषाणूची तर अनेकदा बाहेरून कोणतीच खूण नसते, त्यामुळे मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांपासून रोपे तयार करतात त्या झाडांची, एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही विषाणू शोधणारी प्रयोगशाळा तपासणी केल्याशिवाय त्यांच्यापासून कटिंग (लागवडीसाठी शेंड्याचे तुकडे) घेऊ नयेत.

विषाणू बरा करणारे औषध नाही. बुरशीनाशकाचाही येथे उपयोग होत नाही. खात्री झालेले झाड शेजारच्या झाडांना न घासता पिशवीत घालून बाहेर न्यावे व नष्ट करावे, कंपोस्टमध्ये टाकू नये. कटिंग शक्यतो चाकूने न कापता हाताने मोडून काढावीत. कात्री वापरावीच लागली, तर दोन ठेवून एक १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या (विषाणू निष्क्रिय करणाऱ्या क्षाराच्या) द्रावणात बुडवून ठेवावी आणि दुसरी पाण्याने धुऊन वापरावी. खुडणी नेहमी निरोगी वाफ्यापासून सुरू करून संशयित वाफ्याकडे शेवटी जावे. माव्यासाठी पिवळे चिकट सापळे लावावेत, पॉलिहाऊसभोवतीचे तण काढावे आणि कीडरोधक जाळी कोठे फाटली आहे ते पाहावे.

नवीन लागवडीसाठी शेंड्याच्या अगदी सूक्ष्म, अर्ध्या मिलिमीटरहून लहान भागापासून ऊतीसंवर्धनाने वाढवलेल्या आणि विषाणू तपासणी झालेल्या मातृवृक्षांचीच रोपे घ्यावीत, व रोपवाटिकेकडून त्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा.