हिल्स सोडून थेट कोल्हापुरीवर आलात? या चुका टाळा

आमच्याकडं कुणाचेही पाय दुखले की सल्ला ठरलेला, "त्या हिल्स टाकून दे आणि कोल्हापुरी घाल." मी तेच केलं. तीन वर्षं एका दुकानात काउंटरला रोज तीन इंची हिल घालून उभी राहायचे, नोकरी सोडली तशी सगळ्या हिल्स माळ्यावर टाकल्या आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतनं मस्त करकर वाजणारी कोल्हापुरी जोडी आणली. आठवडा झाला नाही तोवर टाच एवढी दुखायला लागली की सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना भिंत धरायला लागायची. हिल्स घालत होते तेव्हा टाच बरी आणि सोडल्यावर दुखणं, हे काय गणित?

तर हिल घातली की टाच वर राहते आणि पोटरीचा स्नायू आखडून बसतो, रोज तसंच, वर्षानुवर्षं, मग तो आखूडच होतो आणि टाचेमागची ती जाड दोरी, अकिलिस टेंडन, ताठर होते. अशा पायात एकदम सपाट चप्पल आली की सगळं एकदम ताणलं जातं. त्यात कोल्हापुरीचा तळ चामड्याचा, नवी असताना लाकडासारखा कडक, तळपायाच्या कमानीला आधार काहीच नाही. चप्पल वाईट नाही ओ, पण ती औषध नाही. तीन इंचावरनं दोनवर या, मग एकवर, मधे दोन तीन आठवडे जाऊ द्या. रोज भिंतीला हात टेकून एक पाय मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, तीस सेकंद, असं दोन्ही पायांना तीनदा. तुमची पोटरी आखडलीय का बघायचं असेल तर अंबाबाईच्या देवळात अनवाणी चालताना लक्ष द्या, दगडी फरशीवर टाच टेकली की मागनं ओढ लागते का ते.

दुसरी चूक म्हणजे "ब्लॉक हिल आहे, काही होत नाही". घोटा मुरगळायची भीती कमी होते, एवढंच. चवड्यावर किती वजन येणार ते मुख्यतः उंचीवर ठरतं, जाडीवर नाही. आणि वजन पुढं गेलं की अंग सावरायला कुणी कंबर आत घेऊन पाठ मागं टाकतं, कुणी गुडघे वाकवून चालतं, प्रत्येकीचं वेगळं. बाजूनं कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, मी माझा बघितला आणि लाजच वाटली, बदकासारखी चालत होते.

साईजचा घोळ तर विचारूच नका. महाद्वार रोडला सकाळी जाऊन घट्ट जोडी घ्यायची आणि "घालून घालून सैल होईल" म्हणायचं! पाय संध्याकाळी सुजलेला असतो, तेव्हाच जा, आणि दोन्ही पायात घालून बघा कारण एक पाय बहुतेकींचा थोडा मोठा असतो. घरी कागदावर उभं राहून पायाची रेघ मारा, तो कागद दुकानात न्या, वर सॅंडल ठेवा. करंगळीकडची रेघ बाहेर दिसतीय? मग घेऊ नका, कितीही भारी असली तरी. अशा अरुंद, टोकदार जोड्यांनी अंगठा बाजूच्या बोटाकडं वळतो, बाजूचं हाड बाहेर येतं. तिसऱ्या चौथ्या बोटात जळजळ किंवा मुंग्या येत असतील तर तिथली नस दबतीय, ते अंगावर काढू नका, दाखवून घ्या. सैल पण नको, पाय घसरत पुढं जातो आणि बोटं टोकात कोंबली जातात.

पायाला कुरूप झालं असेल तर ते ब्लेडनं कापू नका. घरात कुणाला शुगर असेल तर त्यांनी कॉर्न कॅप, म्हणजे कुरपावर लावायची औषधाची पट्टी, सुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायची नाही, त्यातल्या अॅसिडनं चांगली कातडी पण जाते आणि जखम भरत नाही.

लग्नाला हिल्स घालायच्या तर घाला की, मी पण घालते. हॉलपर्यंत साधी चप्पल, हिल पिशवीत, फोटो झाले की परत काढायची. लॉनवर लग्न असेल तर पेन्सिल हिल घरीच, गवतात रुतते. आणि निघायच्या आधी जोडी उलटी करून बुडाची रबरी टिप बघा, एका बाजूनं झिजली असेल तर पाय तिकडंच कलंडतो, आणि फरशीवर टकटक वाजायला लागली म्हणजे आतला खिळा उघडा पडलाय. कोपऱ्यावरचे चप्पल शिवणारे मामा पाच मिनिटात बदलून देतात.