लिनक्सवर वायफाय दिसत नाही? ड्रायव्हर शोधण्याआधी कार्ड ओळखा

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन टाकलं, आवाज-स्क्रीन सगळं नीट, फक्त वायफायचा पत्ता नाही. अशा वेळी मिळेल तो ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाकून बघणं हा सगळ्यात वाईट उपाय. चुकीचा ड्रायव्हर बरोबर ड्रायव्हरचीही वाट अडवतो.

दुरुस्तीपुरतं इंटरनेट आधी मिळवा. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. गोव्यातल्या सत्तरीसारख्या भागात घरात रेंज नसेल, तर मोबाइल घरच्या वायफायला जोडून तेच टेदरिंगने लॅपटॉपला द्या.

आता टर्मिनल उघडा. कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

एलएसपीसीआय -एनएनके

या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘इथरनेट कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १४सी३ मीडियाटेक. दुसरा चिपचा. शोध घ्यायचा तो या जोडीवरून, खोक्यावरच्या नावावरून नाही. एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या चिपा निघतात. डोंगल यूएसबीचा असेल तर एलएसयूएसबी ही कमांड द्या. तिथे ०बीडीए:१ए२बी दिसलं तर डोंगल स्वतःला विंडोज ड्रायव्हरची सीडी समजतोय. फाइल मॅनेजरमध्ये ती ‘सीडी’ इजेक्ट केली की बहुतेकदा खरं कार्ड समोर येतं.

‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर जोडलेला आहे आणि घोटाळा पुढे कुठेतरी आहे. त्यासाठी:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

‘फेल्ड टू लोड’ आणि शेवटी उणे २ दिसलं, तर फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइलच डिस्कवर नाही. डेबियनवर फर्मवेअर-रियलटेक किंवा फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय यांपैकी आपलं पॅकेज टाकून रीस्टार्ट करा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ही फर्मवेअरं इन्स्टॉलरमध्येच असतात, त्यामुळे ही अडचण जास्त करून जुन्या आवृत्त्यांवर येते.

फर्मवेअर ठीक असेल तर आरएफकिल लिस्ट ही कमांड देऊन बघा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय. ‘हार्ड ब्लॉक्ड’ कमांडने सुटत नाही, त्याला लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन की लागते. शेजारी विंडोजही असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि कधी कधी कार्ड त्याच अवस्थेत अडकून राहतं.

‘ड्रायव्हर इन यूज’ची ओळच नसेल, तर आधी नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) घ्या. रियलटेकच्या बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर अलीकडच्या कर्नलमध्ये आलेले आहेत. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना मात्र बाहेरचाच ड्रायव्हर लागतो: डेबियनवर ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस, उबुंटूवर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून.

डीकेएमएसचा ड्रायव्हर आपल्याच मशीनवर बांधला जातो, म्हणून चालू कर्नलच्या आवृत्तीचे लिनक्स-हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) आधी हवेत. आवृत्ती यूनेम -आर सांगतं. ड्रायव्हर बांधला गेला, तरी मॉडप्रोबला (ड्रायव्हर चढवणाऱ्या कमांडला) ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) आड येतंय. उबुंटूवर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड विचारला जातो. रीस्टार्टला निळा पडदा आला की ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक नेमकं इथे घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग ड्रायव्हरला दोष देतात.

कार्ड एलएसपीसीआयच्या यादीतच नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही. कळंगुट-मिरामारसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारा, दमट वारा सोनेरी संपर्कपट्ट्यांवर बसतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि बॅटरी सोडवा, कार्डाचा स्क्रू काढा. पट्ट्यांवरून मऊ खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि कार्ड घट्ट बसवा. दोन अँटेना वायरींची टोपणं काढावी लागली तर सरळ वर उचला, तिरकी ओढली तर तुटतात. मे अखेरच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटानंतर लॅन (केबलचं नेटवर्क) बंद पडलं असेल आणि दुसऱ्या केबलने, दुसऱ्या राउटरवरही पोर्टचा दिवा लागत नसेल, तर पोर्ट जळलेला समजा. यूएसबी-लॅन अडॅप्टर घेणं स्वस्त पडतं.

कालपर्यंत चालणारं वायफाय अपडेटनंतर गेलं, तर ग्रबमध्ये (लॅपटॉप चालू होताना येणाऱ्या मेन्यूत) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. वायफाय परत आलं, तर नव्या कर्नलचे हेडर्स टाकून डीकेएमएस स्टेटस बघा. तिथे नव्या आवृत्तीसमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसेपर्यंत जुना कर्नल काढू नका.